कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी उघडावा

आमची गाडी १९६७ सालची, चार सिलिंडरची आणि एकाच डाउनड्राफ्ट कार्ब्युरेटरवर (वरून खाली जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) चालणारी आहे. गेल्या वर्षी तिने एकच तक्रार पुन्हा पुन्हा दाखवली. सकाळी ती पहिल्या स्टार्टरला सुरू होत असे, आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे संथ चालणे) स्थिर असे आणि संथ रहदारीत तिची कसलीही कुरकुर नसे. मात्र मोकळ्या रस्त्यावर वेग धरून पंधरा-वीस मिनिटे झाली किंवा लांब चढ लागला, की आधी एक-दोन बारीक झटके बसत, मग ओढ कमी कमी होत जाई आणि शेवटी इंजिन बंद पडे. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे थांबले, की काही घडलेच नाही अशा थाटात ती पुन्हा सुरू होई. दोष कोठे आहे हे ही दहा मिनिटांची विश्रांतीच सांगत होती, परंतु ते माझ्या लक्षात यायला चार महिने लागले, कारण पेट्रोलची तक्रार म्हटली की हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. मी तो दोनदा उतरवला, सगळे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) धुतले, पॅकिंग बदलली आणि दुसऱ्या वेळी जोडताना फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची उंची ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बिघडवून जुन्या दुखण्यात नव्या दुखण्याची भर घातली. जुन्या गाड्या स्वतः सांभाळणाऱ्या कोणाचेही असे महिने वाया जाऊ नयेत, म्हणून हा सारा शोध सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे लागते, की आयडलिंग नीट असणे म्हणजे पेट्रोलचा पुरवठा नीट असणे नव्हे. माझ्या गाडीसारखे लहान इंजिन आयडलिंगला तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला जेमतेम सतरा मिलिलिटर. तीच गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने लिटरला दहा किलोमीटर देत धावत असेल, तर तिला तासाला नऊ लिटर, म्हणजे मिनिटाला दीडशे मिलिलिटर लागतात. चढावर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडल्यास त्याहूनही जास्त. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्यात, पन्नास मिलिलिटर पेट्रोल मावते असे धरले, तर पुरवठा पूर्ण तुटल्यावर तेवढा साठा आयडलिंगला तीन मिनिटे पुरतो आणि वेगात वीस सेकंद. म्हणून ज्या गाडीच्या पेट्रोलच्या वाटेत तीन चतुर्थांश अडथळा आहे, तीही गॅरेजमध्ये उभी असताना पूर्ण निरोगी दिसते. उभ्या गाडीवर ट्यूनिंगचे स्क्रू फिरवत राहून हा दोष कधीच सापडत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे हे लक्षण केवळ पेट्रोलचे नाही. ठिणगी पाडणाऱ्या विजेच्या यंत्रणेतला निकामी होत चाललेला कंडेन्सर किंवा आतून तुटलेली कॉइल अगदी हेच करते. दोहोंमध्ये फरक करण्याची एक साधी तपासणी आहे आणि ती गाडी बंद पडल्यावर तिथेच करावी लागते. इग्निशन बंद करून एअर क्लीनर काढावा, कार्ब्युरेटरच्या घशात वरून पाहावे आणि थ्रॉटलचा लिव्हर हाताने एकदा झटकन उघडावा. अॅक्सिलरेटर पंपाच्या तोटीतून पेट्रोलची स्वच्छ धार पडली, तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे आणि शोध विजेच्या बाजूला न्यावा. धार पडलीच नाही किंवा दोन थेंब ओघळून थांबले, तर चेंबर रिकामा आहे. हे करताना आसपास ठिणगी, ज्योत किंवा सिगारेट नसावी हे वेगळे सांगायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि शून्याखाली ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेऊ शकते. माझ्या बाबतीत दोन थेंब ओघळले. म्हणजे कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचतच नव्हते, आणि ज्या वस्तूला काही मिळतच नव्हते तिलाच मी दोनदा धुतले होते.

त्यानंतर मी टाकीपासून निघून पेट्रोलच्या वाटेनेच पुढे जायचे ठरवले. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. ते बुजले, की पेट्रोल जसजसे कमी होते तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला तिच्याविरुद्ध ओढावे लागते. मूळ झाकण हरवून नव्या बनावटीच्या गाडीचे बंद झाकण बसवल्यावरही हेच घडते. गाडी दम सोडू लागली की झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष सापडला. माझ्या झाकणाने असा कोणताही आवाज केला नाही.

मग पंपाचा प्रवाह मोजायचा होता. येथे बहुतेक जण दाब मोजतात आणि फसतात. यांत्रिक पंपातील डायफ्राम (लवचीक पडदा) कॅमच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या उंचवट्याच्या) लिव्हरने खाली ओढला जातो आणि स्प्रिंगने वर ढकलला जातो. कार्ब्युरेटरकडे जाणारा दाब त्या स्प्रिंगचा असतो, कॅमचा नव्हे. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दर चौरस इंचाला २ ते ६ पौंडांच्या दरम्यान ठेवलेला असतो. फ्लोट चेंबर भरून नीडल व्हॉल्व्ह (चेंबरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी सुई) बंद झाला, की डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर रिकामा हलत राहतो. पुढची वाट बंद करून गेज लावला, तर टाकीकडून जेमतेम थेंब थेंब येत असले तरी थोड्या वेळाने काटा योग्य आकड्यावर जाऊन बसतो. दाब ठीक असूनही प्रवाह अपुरा असू शकतो, म्हणून हातात बाटली आणि घड्याळच हवे.

मी पंपाच्या बाहेरच्या तोंडाला लांब होज लावून तिचे दुसरे टोक इंजिनापासून दूर, जमिनीवर ठेवलेल्या मापाच्या बाटलीत सोडले, शेजारी अग्निशामक नळकांडे घेऊन भावाला उभे केले आणि चेंबरमधल्या साठ्यावर इंजिन आयडलिंगला चालवले. माझ्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे मिनिटाला किमान अर्धा लिटर यायला हवे होते. पहिल्या मिनिटात ४३० मिलिलिटर आले, दुसऱ्यात २६० आणि तिसऱ्यात १२०. हे तीन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले तेव्हा प्रथमच मला दोषाचे रूप स्पष्ट दिसले. पंप दुबळा असता तर तिन्ही मिनिटांत तो सारखाच दुबळा राहिला असता. येथे प्रवाह वेळेबरोबर घटत होता, म्हणजे ओढ जितका वेळ चालू राही तितका कोठेतरी अडथळा वाढत होता.

पुढची पायरी म्हणजे पंपाला वेगळे पेट्रोल देणे. टाकीकडून येणारी नळी पंपापाशी सोडवून मी तिच्याऐवजी स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमधली होज जोडली. आता मिनिटागणिक ५४०, ५३० आणि पुन्हा ५४० मिलिलिटर आले. पंप निर्दोष ठरला, कार्ब्युरेटर तर आधीच सुटला होता, आणि सगळा संशय पंपाच्या मागच्या तीन वस्तूंवर येऊन थांबला: टाकी, धातूची नळी आणि त्यांना जोडणारे रबरी होजचे दोन तुकडे. या एका चाचणीला अर्धा तास लागला. तिने जे सांगितले ते कार्ब्युरेटर शंभर वेळा उघडूनही समजले नसते.

टाकीचे झाकण काढून मी सायकलच्या पायपंपाने त्या नळीतून उलट्या दिशेने हलकी हवा मारली. कॉम्प्रेसरची हवा कधीही वापरू नये, जुन्या टाकीचे सांधे ती सहन करत नाहीत. सुरुवातीला हवा अडली, मग टाकीत एकदम बुडबुड्यांचा आवाज झाला. लगेच प्रवाह मोजला, तो तिन्ही मिनिटे ५२०च्या आसपास राहिला. चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर पुन्हा मोजला, तर तिसऱ्या मिनिटाचा आकडा परत ढासळला होता. नळी स्वतः तुंबलेली असती तर ती एकदा मोकळी झाल्यावर मोकळीच राहिली असती. अडथळा हलता होता, म्हणजेच तो टाकीतच होता.

टाकी उतरवून रिकामी केली आणि पेट्रोल पांढऱ्या कापडातून गाळले, तेव्हा माशाच्या खवल्यांसारखे गंजाचे पापुद्रे कापडावर राहिले. पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला बारीक जाळीची गाळणी असते; जुने पेट्रोल वाळून होणाऱ्या तपकिरी चिकट राळेने ती अर्धी बुजली होती. इंजिनाची मागणी वाढली, की ओढीने हे पापुद्रे येऊन जाळीला चिकटत, उरलेली अर्धी जागाही झाकली जाई आणि इंजिनाला पेट्रोल कमी पडे. इंजिन बंद पडल्यावर ओढ थांबे, पापुद्रे हळूहळू सुटून तळाशी बसत आणि दहा मिनिटांनी वाट पुन्हा मोकळी होई. विश्रांतीचे रहस्य एवढेच होते. इंजिन त्या दहा मिनिटांत थंडही होत असे, त्यामुळे मी उष्णतेला दोष देत राहिले. वास्तविक उष्णतेचा त्याच्याशी संबंध नव्हता.

टाकी स्वच्छ करणे हे सावकाश करायचे काम आहे. पेट्रोलची टाकी रिकामी असताना भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे स्फोटक मिश्रण असते. तिच्यावर वेल्डिंग, डाग देणे किंवा ग्राइंडर चालवणे हे अनुभवी माणसाने योग्य पूर्वतयारीनंतरच करावे. मी ती साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुतली, आत बारीक खडी घालून हलवली, सायट्रिक अॅसिडच्या द्रावणात दोन दिवस ठेवली, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून गरम हवेने वाळवली. वाळवण्यात दिरंगाई झाली तर उघड्या लोखंडावर काही तासांत नवा गंज धरतो, म्हणून लगेच थोडे तेलमिश्रित पेट्रोल आतून फिरवले. टाकीला आतून रसायनाचा थर देण्याची पद्धत आहे, पण मी ती जाणीवपूर्वक टाळली. पृष्ठभाग पूर्ण स्वच्छ आणि कोरडा नसेल तर तो थर काही वर्षांनी सोलपटून निघतो आणि तीच जाळी पुन्हा बुजवतो; टाकीला छिद्रे पडलेली नसतील, तर तो धोका पत्करू नये असे माझे मत आहे.

रबरी होजचे दोन्ही तुकडेही याच वेळी बदलले. पंपाच्या मागच्या बाजूचा होज हा या शोधातला सर्वांत फसवा भाग आहे. पंपाच्या पुढच्या नळीत दाब असतो, त्यामुळे तिला चीर गेली तर पेट्रोल गळते, वास येतो आणि दोष उघड होतो. मागच्या बाजूला मात्र ओढ असते. तिथल्या चिरेतून पेट्रोल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, आणि खाली एक थेंबही न सांडता पंप पेट्रोलऐवजी बुडबुडे ओढत राहतो. बाटलीत पडणाऱ्या धारेत सतत बुडबुडे दिसले, तर आधी हाच होज वाकवून पाहावा. टिकटिक करणारा जुन्या पद्धतीचा विद्युत पंप असेल तर तो स्वतःच सांगतो: चेंबर भरल्यावरही टिकटिक न थांबता भराभर चालू राहिली, तर तो बहुधा हवा ओढतो आहे. मात्र इंजेक्शनच्या गाडीचा आधुनिक विद्युत पंप कार्ब्युरेटरच्या गाडीला कधीही लावू नये. त्याचा दाब कित्येक पटींनी अधिक असतो आणि नीडल व्हॉल्व्ह तो रोखू शकत नाही.

होज निवडताना इथेनॉलचा विचार करावाच लागतो. जुन्या काळातील रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलासाठी बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, आतून भुगा होते आणि तो काळा भुगा जेटपर्यंत जातो. बाहेरून होज नवाकोरा दिसत असला तरी आतली वाट मिटलेली असू शकते. एसएई जे३० आर९ अशी खूण असलेल्या होजला आतून फ्लुओरो-रबराचा थर असतो आणि तो इथेनॉलला चांगला टिकतो. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, नेमके जिथून पेट्रोल ओढले जाते तिथे. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टाक्या आतून गंजण्याचे हे एक मोठे कारण आहे.

एवढे झाल्यावर प्रवाह भरपूर झाला, आणि दुसऱ्याच दिवशी गाडी उलट तक्रार करू लागली. आयडलिंगला काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास आणि गरम इंजिन सुरू होताना त्रास. आता मात्र कार्ब्युरेटर उघडण्यास कारण होते. इतके महिने गाळणीतून निसटलेला गंजाचा बारीक चुरा नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला होता. पुरवठाच अपुरा असल्याने ती गळती तोवर झाकलेली राहिली होती. भिंगातून पाहिले तेव्हा सुईच्या टोकावर अंगठीसारखी झिजेची रेघही दिसली. अशी सुई कितीही पुसली तरी पूर्ण बंद होत नाही. सुई आणि बैठक दोन्ही एकत्र बदलावीत.

फ्लोटकडे मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण कार्ब्युरेटरची सगळी गणिते त्या पातळीवर उभी असतात. १८९३ साली हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी फवाऱ्याच्या तोटीचा कार्ब्युरेटर पुढे आणला, तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही: अरुंद घशातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि चेंबरवरचा वातावरणाचा दाब पेट्रोलला तोटीतून वर ढकलतो. तोटीचे तोंड चेंबरमधल्या पातळीहून काही मिलिमीटरच उंच असते. पातळी दोन-तीन मिलिमीटर खाली गेली, तर मेन जेटचा प्रवाह उशिरा सुरू होतो आणि मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) राहते. वर गेली, तर वळणावर किंवा ब्रेक मारताना पेट्रोल आपोआप सांडते. माझा फ्लोट पितळी आहे. कानाशी हलवला तर आत काही खळखळले नाही, तरीही मी तो गरम पाण्यात बुडवून धरला. आतली हवा प्रसरण पावते आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी तिथून बुडबुड्यांची रांग निघते. डाग देऊन छिद्र बुजवता येते, पण डागाच्या वजनाने फ्लोट जड होतो आणि पातळी वर जाते, त्यामुळे नवा फ्लोट घेणेच बरे. पातळी मी अंदाजाने न ठेवता पॅकिंगच्या कडेपासून कॅलिपरने मोजून ठेवली.

जेटमध्ये तार घालू नये हे सर्वांनी ऐकलेले असते, त्याचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अनेक युरोपीय कार्ब्युरेटरांत जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तारेने घासून हा व्यास १.२५ झाला, तर वाढ फक्त पाच शतांशांची दिसते, पण छिद्राचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. दहा टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १४.१ आहे, म्हणजे त्याच जेटवर मिश्रण चार टक्क्यांच्या आसपास पातळ होते. इतक्या बारीक फरकाने जी गाडी झटके देऊ शकते, तिच्या जेटमध्ये तांब्याची तारही घालू नये. जेट द्रावणात भिजवून हवेने फुंकावा आणि उजेडासमोर धरून गोल दिसतो का ते पाहावे, एवढे पुरते.

स्क्रूंना हात लावण्याआधी थ्रॉटलचा स्पिंडल (त्याची झडप फिरवणारी दांडी) हलवून पाहावा. पन्नास वर्षांच्या वापराने त्याची भोके लांबट होतात, तिथून फुकटची हवा शिरते आणि तक्रार हुबेहूब पेट्रोल कमी पडल्यासारखी दिसते, फक्त ती उलट्या जागी येते: वेगात गाडी बरी चालते आणि आयडलिंगला डगमगते. मॅनिफोल्डची (कार्ब्युरेटरपासून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांची) पॅकिंग हवा घेत असेल तरी असेच होते. माझा स्पिंडल किंचित सैल आहे, अजून बुश (भोकात बसणारी बारीक कडी) घालण्याइतका नाही.

सगळे जोडून झाल्यावर मी त्याच चढावर तीनदा गेले. शेवटच्या फेरीनंतर स्पार्क प्लग काढून पाहिले; चारही प्लगांवर हलका तपकिरी रंग होता, पांढरेपणाही नव्हता आणि काजळीही नव्हती. घरी येऊन पुन्हा बाटली लावली: ५३०, ५३०, ५२०. हे आकडे तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला निरोगी अवस्थेतला आकडा हाताशी असेल.

एक गोष्ट अजून राहिली आहे. उन्हात लांब चालवून गाडी पाव तास उभी केली, तर नंतर ती सुरू होताना स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवावा लागतो. इंजिन बंद झाल्यावर खालच्या मॅनिफोल्डची उष्णता वर चढून चेंबरमधले पेट्रोल उकळवते आणि ते घशात ओघळते. थ्रॉटल पूर्ण उघडा धरून स्टार्टर मारला, की जादा पेट्रोल निघून जाते आणि इंजिन पकडते, यावरून कारण हेच असावे. कार्ब्युरेटरच्या बुडाखाली उष्णता अडवणारा बेकेलाइटचा जाड तुकडा बसवायचा आहे. त्याने कार्ब्युरेटर सहा मिलिमीटर वर उचलला जाईल, म्हणून आधी लांब स्टड, थ्रॉटलच्या दांड्याची लांबी आणि बॉनेटखालची जागा मोजते आहे.